त्यागाचें मोल कोणीं भरावें?

संसारांत राहून परमार्थ साधावा, कीं संसार टाकून तो गांठावा, हा वाद आपल्या घरांतून नवा नाहीं. चातुर्मासांत पोथी सोडली जाते, वैराग्याचा अध्याय येतो, वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांस पाणी येतें. आणि पोथी पुन्हां बांधून झाली कीं तीच मंडळी लग्नाच्या याद्यांकडे व सोन्याच्या भावाकडे वळतात. यांत ढोंग आहे असें आम्ही म्हणत नाहीं. दहा-बारा माणसांचें घर चालवावयाचें म्हणजे याद्या कराव्या लागतात आणि भावही पाहावे लागतात. वैराग्य ऐकण्यास गोड आणि आचरण्यास कठीण, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु याहून वेगळा असा एक प्रश्न आहे, व त्याचा विचार आपल्यांत फारसा होत नाहीं. घरांतील एका माणसानें वैराग्य खरोखरीच आचरलें, तर त्याची झळ कोणास लागते? पुण्य ज्याच्या पदरीं पडतें, त्याच्याच पदरचा खर्च त्यासाठीं होतो काय?

या महिन्याच्या सदरांत हा प्रश्न एका ख्रिस्ती कुटुंबाच्या चरित्राच्या आधारें पाहावा असें योजिलें आहे. कुटुंब ख्रिस्ती खरें. परंतु मूळचें कोंकणस्थ ब्राह्मणांचें, भाषा अस्सल मराठी, आणि त्याच्या आयुष्यास जें वळण लागलें त्याचा पहिला धागा आमच्या नागपुरांत गुंतलेला आहे. कवि नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचें हें कुटुंब होय.

नागपुरास ख्रिस्ती धर्माचा परिचय जुना आहे. स्कॉटलंडांतून आलेले पाद्री स्टीफन हिस्लॉप हे १८४५ मध्यें येथें आले, आणि १८६३ मध्यें टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना नदीच्या पाण्यांत बुडून वारले. १८८३ मध्यें त्यांच्या नांवानें निघालेल्या कॉलेजांत आपल्या कित्येक घरांतील मुलें शिकून बाहेर पडलीं. तथापि कॉलेजाशीं इतका घरोबा असूनही एक समजूत पुष्कळ दिवस टिकून होती. ख्रिस्ती होणें म्हणजे नेमधर्म सुटणें, खाण्यापिण्याची मोकळीक मिळणें, आणि वर मिशनचा पगार चालू होणें. थोडक्यांत सांगावयाचें तर, जो ख्रिस्ती झाला तो भोगाकडे गेला, असा आपल्या लोकांचा हिशेब असे. टिळकांचें चरित्र हा हिशेब खोटा ठरवितें; आणि तसें करतांना आपल्याही हिशेबवहीकडे पुन्हां एकदां पाहावयास लावतें.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांची मनकर्णिका त्यांना दिली, तीच पुढें लक्ष्मीबाई झाली. टिळकांची वृत्ति प्रथमपासूनच अस्थिर होती. धर्माचें खरें रूप काय, देशाचें कल्याण कशांत आहे, या चिंतेनें ते गांवोगांव हिंडत. कधीं कधीं घरीं कांहीं न सांगतां निघून जात. या भटकंतींतच ते नागपुरास आले. येथील श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें त्यांनीं संस्कृत ग्रंथांचें काम केलें, आणि ‘ऋषि’ नांवाचें धर्मविषयक मासिकही चालविलें. पुढें राजनांदगांव संस्थानांत जाण्याचा योग आला. नागपूर आणि राजनांदगांव यांच्या दरम्यान, १८९३ च्या सुमारास, आगगाडींत एका अपरिचित युरोपीय गृहस्थाशीं त्यांचें बोलणें झालें. प्रथम काव्यावर, मग धर्मावर. त्या गृहस्थानें निरोप घेतांना ‘नव्या करारा’ची एक प्रत टिळकांच्या हातीं दिली, आणि दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल असें भविष्यही केलें. टिळकांस तें त्या वेळीं कितपत पटलें असेल तें असो; पण दिलेला शब्द पाळावा म्हणून त्यांनीं पुस्तक वाचावयास घेतलें, आणि येशूनें डोंगरावर केलेल्या उपदेशापाशीं येतांच ते थांबले.

त्या उपदेशांत असें काय आहे? धनाचा संचय कोठें करावा, उद्यांच्या अन्नवस्त्राची चिंता किती करावी, दान करतांना दुसऱ्यास दिसावें कीं दिसूं नये, उपवास केला तर चेहरा कसा ठेवावा, अशा अगदीं घरगुती गोष्टींचा त्यांत विचार आहे. ईश्वर आणि द्रव्य या दोघांची चाकरी एकाच वेळीं होत नाहीं, हें त्याचें सार. आपल्या संतांस हें अपरिचित नव्हतें. म्हणूनच टिळकांस तें परकें वाटलें नाहीं.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. ख्रिस्ताची शिकवण म्हणजे देहाचा द्वेष नव्हे. येशू हा काना गांवच्या लग्नघरीं गेला होता आणि तेथील द्राक्षारस संपला तेव्हां यजमानाची लाज त्यानें राखली, अशी कथा आहे. तो लोकांच्या पंक्तीस बसे, म्हणून त्यास खादाड म्हणणारेही निघाले. परंतु त्याच्याजवळ स्वतःचें घर नव्हतें, कीं सांठवलेलें धान्य नव्हतें. एक धनवान तरुण त्याच्याकडे येऊन मोक्षाचा मार्ग विचारूं लागला, तेव्हां सर्व विकून गरिबांस द्यावें असें त्यास सांगण्यांत आलें. आणि तो खिन्न होऊन परत गेला. त्या तरुणानें नियम सगळे पाळले होते. उणें इतकेंच होतें, कीं एका वस्तूवरची मूठ त्याच्यानें उघडवेना. ताटांत किती पदार्थ आहेत यावर भोग मोजावयाचा नसतो. जी वस्तु सुटतां सुटत नाहीं, ती आपला भोग. मग ती लाडवांची परात असो कीं लौकिकाची पगडी असो.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनीं गोऱ्या पाद्र्याकडून न घेतां तुकारामजी नाथोजी या एतद्देशीय पाद्र्याकडून घेतला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. जातीनें त्यांना टाकलें. आप्तांस ते मेल्यासारखे झाले. हा त्यांचा त्याग लहान नव्हता. परंतु त्याच दिवशीं, आपण होऊन कांहींही न टाकतां, लक्ष्मीबाईंचें सर्वस्व गेलें. पदरीं देवदत्त हा लहान मुलगा. नवरा जिवंत असून घर नाहीं. कुंकू कपाळीं असून सौभाग्यवतींच्या मेळ्यांत मान नाहीं. त्या मुलास घेऊन पंढरपुरास आप्तांच्या आश्रयाला राहिल्या, आणि त्या दुःखानें त्यांची प्रकृति ढासळली. टिळकांस सत्य गवसलें होतें. त्या सत्याची किंमत मात्र, ज्या बाईस कोणीं विचारलेंही नव्हतें, तिच्याकडून वसूल होत होती.

टिळकांनीं पत्नीस टाकलें नाहीं, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. ते पत्रें लिहीत राहिले, वाट पाहत राहिले, आणि तिच्यावर धर्माची सक्ति त्यांनीं केली नाहीं. परंतु आमचा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं. उलट, ज्या ग्रंथानें टिळकांस ओढून घेतलें त्याच ग्रंथांत हा प्रश्न दोन्ही बाजूंनीं मांडलेला आहे. एकीकडे, माझ्यामागें यावयाचें तर आईबाप, बायकोमुलें यांच्या मायेंत अडकूं नका, असें येशू सांगतो. दुसरीकडे तोच येशू एका जुन्या रूढीवर कडाडून टीका करतो. त्या काळीं एखादा मुलगा आपलें द्रव्य ‘कुर्बान’ म्हणजे देवास अर्पण केलेलें असें जाहीर करी, आणि मग वृद्ध आईबापांस म्हणे कीं तुम्हांस देण्यासारखें आतां माझ्याजवळ कांहीं उरलें नाहीं. असें अर्पण देवास पोंचत नाहीं, असा त्या टीकेचा अर्थ. पुढें पौलाच्या नांवानें असलेल्या एका पत्रांत तर, जो आपल्या घरच्या माणसांची तरतूद करीत नाहीं तो धर्म न मानणाऱ्याहून वाईट, इतकें कठोर वचन आलें आहे. ईश्वराचा हक्क पहिला खरा. परंतु ईश्वराच्या नांवावर दुसऱ्याचा हक्क बुडविण्याची सवलत कोणास दिलेली नाहीं.

आतां लक्ष्मीबाईंची बाजू पाहूं. कारण त्या केवळ सोसणाऱ्या राहिल्या असत्या तर हें चरित्र एका शोककथेपलीकडे गेलें नसतें. त्यांचें माहेर अतिशय कडक सोवळ्याचें होतें. शिवाशीव, धुणें, पुन्हां धुणें, यांत त्यांचें बालपण गेलें. कांहीं वर्षांनीं त्या टिळकांकडे नगरास परत आल्या तेव्हांही आपलें पाणी, आपली चूल, आपलें सोवळें त्यांनीं वेगळें ठेवलें होतें. बाहेरून पाहणारास वाटावें, कीं नवरा धर्म सोडून मोकळा झाला आणि बायको व्रतस्थ राहिली. परंतु राहुरीस असतांना त्यांच्या मनांत एक विचार आला. माणसामाणसांत असा भेद देवानें केला असता तर त्याची कांहीं खूण त्यानें देहावर ठेविली नसती काय? मग हा भेद कोणाचा? हा प्रश्न त्यांना दुसऱ्या कोणीं घातला नव्हता. उत्तर सुचलें तेव्हां त्या डगमगल्या नाहींत. यापुढें कोणाच्याही हातचें अन्नपाणी घेईन, असें त्यांनीं ठरविलें, आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला.

सुज्ञ वाचकांनीं या ठिकाणीं क्षणभर थांबावें. सोवळें हें आपण त्यागाच्या बाजूस धरतों. त्यांत कष्ट आहेत, उपास आहे, ओलेत्यानें स्वयंपाक आहे. परंतु त्या कष्टांच्या तळाशीं ‘मी त्या दुसऱ्याहून शुद्ध’ हें एक सूक्ष्म सुख असूं शकतें, आणि तें सुख पक्वान्नापेक्षां सुटावयास कठीण. लक्ष्मीबाईंनीं जें टाकलें तें हें सुख होय. टिळकांनीं पुढें पगार टाकला, त्याची चर्चा पुष्कळ झाली; या बाईनें स्वयंपाकघरांतील एका घागरीशीं उभें राहून जो त्याग केला, त्याचा गाजावाजा झाला नाहीं. परंतु त्या त्यागाचें मोल तिनें स्वतःच भरलें. तें दुसऱ्या कोणाच्या ताटांतून काढून घेतलेलें नव्हतें. आम्हांस तो अधिक मोठा वाटतो.

त्यानंतरचा नगरचा संसार हा ज्यांनीं लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ वाचलीं आहेत त्यांच्या डोळ्यांपुढें आहेच. टिळकांच्या हातीं पैसा ठरत नसे. कोणी गरजवंत दिसला कीं तो तिकडे वळावयाचा. मग महिनाअखेरीस घरांत काय शिजणार याची विवंचना लक्ष्मीबाईंची. पोटच्या मुलांच्या जोडीला पोरक्या मुलांची, आल्यागेल्याची पंगत. बालकवि ठोंबरे हे धर्म न बदलतां, घरच्या मुलासारखे त्यांच्याकडे राहिले. असें घर चालविणें ही एक तपश्चर्याच होती. आणि गंमत अशी, कीं ती आनंदानें होत होती. लक्ष्मीबाई आपल्या नवऱ्याच्या अव्यवहारीपणावर जितक्या रागावतात तितक्याच हंसतातही. ज्या घरांत वस्तु थोड्या असून हंसणें पुष्कळ असतें, तेथें परमार्थ शिरला आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

यानंतर १९१७ साल उजाडलें. टिळक १९०४ पासून दीक्षित पाद्री होते, ‘ज्ञानोदया’चे मराठी संपादक होते, कवि म्हणून त्यांची कीर्ति महाराष्ट्रभर होती. अशा वेळीं त्यांनीं मिशनची नोकरी आणि पगार सोडला व संन्यास घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व भक्त एकत्र यावेत म्हणून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ ही संस्था काढली आणि साताऱ्यास मुक्काम केला. ख्रिस्ताची भक्ति ही परदेशी पगाराच्या आश्रयानें राहूं नये, ती या भूमींत आपल्या पायांवर उभी राहावी, ही त्यांची तळमळ होती. हेतु उदात्त होता यांत शंका नाहीं. पण ज्या घरांत उत्पन्नाचें दुसरें साधन नाहीं, त्या घरांतील पुरुषानें पगार सोडला म्हणजे तो एकट्याचा पगार सुटत नसतो. हा आघात लक्ष्मीबाईंस दुसऱ्यांदा बसला. पहिल्या वेळीं त्या अजाण होत्या. या वेळीं त्या सर्व समजून होत्या, आणि तरीही तो त्यांना जड गेला.

टिळक ज्या प्रॉटेस्टंट पंथांत गेले त्यांत संन्यासास जागा नव्हती, ही गोष्ट येथें सांगितली पाहिजे. ख्रिस्ती धर्मांत वैराग्याची परंपरा फार जुनी आहे. तिसऱ्या शतकांत मिसर देशांतील अँटनी या तरुणानें देवळांत त्या धनवान तरुणाची कथा ऐकली, वडिलार्जित जमीन वाटून टाकली आणि तो अरण्यांत गेला. पण त्यास एक लहान बहीण होती. प्रथम त्यानें तिच्यासाठीं थोडें द्रव्य राखून ठेविलें. नंतर तेंही दान केलें, आणि तिला कांहीं व्रतस्थ स्त्रियांच्या स्वाधीन करून तो निघून गेला. इतिहास अँटनीस ‘वैराग्याचा जनक’ म्हणतो. बहिणीचें नांवही त्याच्या जुन्या चरित्रांत दिलेलें नाहीं. तेराशें वर्षांनीं जर्मनींत मार्टिन ल्यूथरनें हें वळण उलटें फिरविलें. स्वतः मठवासी असूनही १५२५ मध्यें त्यानें कॅथरिना फॉन बोरा या पूर्वाश्रमींच्या जोगिणीशीं लग्न केलें, आणि परमार्थ हा घरांतच साधावा असें प्रतिपादन केलें. विटेनबर्ग येथील ओस पडलेल्या मठांत त्यांचा संसार थाटला गेला. ल्यूथर ग्रंथांचा मोबदला घेत नसे आणि हातचें वाटून टाकी. कॅथरिना शेती पाही, गुरें पाळी, आणि विद्यार्थी व पाहुणे यांनीं भरलेलें तें घर चालवी. नगरच्या टिळकांच्या घराशीं हें चित्र किती जुळतें! मठ मोडला, तरी ओझें कोणीतरी उचलावेंच लागलें.

आपल्याच समाजांतील दुसरें एक उदाहरण घ्या. काशीस वाढलेले नीलकंठशास्त्री गोरे हे १८४८ मध्यें ख्रिस्ती होऊन नेहेमिया गोरे झाले. पांडित्य अगाध, राहणी विरक्त. त्यांची मुलगी तान्ही असतांनाच तिची आई वारली, आणि मुलगी परक्या युरोपीय कुटुंबांत वाढली. त्या विरक्तीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण त्या मुलीच्या बालपणाची नोंदही त्याच हिशेबांत झाली पाहिजे, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

हा हिशेब ठेवण्याची रीत आपल्या परंपरेंत नाहीं असें नाहीं. तुकोबांस विरक्ति झाली तेव्हां त्यांनीं सावकारीचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं, ही कथा घरोघर सांगितली जाते. त्या कथेंतील एक बारकावा मात्र सांगणारे कित्येकदां गाळतात. तुकोबांनीं प्रथम खतांचे दोन भाग केले, धाकट्या भावाचा भाग भावाच्या हातीं दिला, आणि बुडविला तो केवळ आपला भाग. पाण्यांत टाकावयाचें तें आपलें असावें, भावाचें नव्हे. वैराग्याचा याहून सोपा आणि याहून अवघड नियम आम्हांस ठाऊक नाहीं. अर्थात् तुकोबांचा भाग बुडाल्यावर घरांतील पीठ कमी झालें तें जिजाईचें. आणि तरी ती भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जातच राहिली, असें परंपरा सांगते. म्हणजे तेथेंही हिशेब अगदीं चुकता झाला नाहीं. परंतु निदान वाटणी करावी लागते ही जाणीव तेथें होती.

टिळकांचा ‘दरबार’ दोन वर्षेंही चालला नाहीं. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. येशूचें चरित्र ओवीबद्ध करावें म्हणून त्यांनीं आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ अवघे दहा-अकरा अध्याय होऊन थांबलें होतें. पुढील ६४ अध्याय कोणीं लिहिले? ज्या बाईस अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्यानें करून दिली, जिला शाळेचें शिक्षण जवळजवळ नव्हतें, त्या लक्ष्मीबाईंनीं. १९३४ ते १९३६ या काळांत ‘स्मृतिचित्रें’ प्रसिद्ध झालीं आणि मराठी भाषेस एक अपूर्व आत्मचरित्र लाभलें. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९३३ मध्यें, नागपूर येथें मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलें, त्याच्या अध्यक्षस्थानीं लक्ष्मीबाई होत्या. ज्या नागपुराकडून निघालेल्या गाडीनें त्यांचा संसार एकदां मोडला होता, त्याच नागपुरांत चाळीस वर्षांनीं विद्वानांच्या सभेनें त्यांस मानाचें स्थान दिलें. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिक येथें त्या वारल्या.

या दोन आयुष्यांवरून आम्हांस काय शिकावयाचें? कोणी म्हणेल, टिळकांनीं घर पाहावयास हवें होतें. असें म्हणणें सोपें आहे. परंतु तसें झालें असतें तर टिळक झाले नसते, आणि ‘ख्रिस्तायन’ही झालें नसतें. कोणी म्हणेल, ईश्वरासाठीं घराची काय पर्वा? हेंही सोपेंच, तें बहुधा ज्याला चूल पेटवावी लागत नाहीं तोच म्हणतो. खरें उत्तर आम्हांस त्या दोघांच्या मधोमध दिसतें. भोग सोडून ईश्वराकडे वळणें हें श्रेष्ठच आहे. परंतु तो त्याग शुद्ध राहावा असें वाटत असेल तर प्रथम तो आपल्याच हिश्शांतून झाला पाहिजे, आणि त्याची झळ ज्यांस लागणार त्यांस अगोदर विचारलें पाहिजे. विचारून घेतलेली झळ ही सहधर्म होते. न विचारतां लादलेली झळ हा अन्याय होतो, मग तो कितीही पवित्र हेतूनें घडलेला असो.

आपल्या घरांस हें लागू करून पाहावें. एकादशीचा उपवास हा जिभेच्या संयमासाठीं. पण कित्येक घरीं त्या दिवशीं साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि वर केळ्याची शिकरण असा बेत होतो. रोजच्या जेवणाहून खर्च अधिक, आणि राबणूक सुनांची. उपवास कोणीं केला आणि कष्ट कोणीं केले? ख्रिस्ती लोकांतही ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. उपवासानें जें वांचतें तें भुकेल्याच्या पानांत पडावें, असें त्यांचे जुने आचार्य शिकवीत आले. हा एवढा एक नियम आपण उचलला तरी पुरे: एकादशीस चूल थोडी आणि दान थोडें. आजोबांनीं सोवळें अवश्य पाळावें, पण त्या सोवळ्याचें पाणी त्यांनीं स्वतः भरावें. वडिलांनीं देवस्थानास मोठी देणगी अवश्य द्यावी, पण तिच्यासाठीं मुलीच्या शिक्षणाची रक्कम कमी करूं नये. आणि ज्या तरुणास मोठा पगार सोडून सेवेच्या कामीं पडावेंसें वाटतें, त्यानें तसें खुशाल करावें. मात्र निर्णय जाहीर करण्यापूर्वीं एक संध्याकाळ पत्नीजवळ बसून महिन्याचा जमाखर्च दोघांनीं मिळून लिहावा.

याच्या उलट बाजूही विसरूं नये. घरांतील कोणास खरोखरच थोडक्यांत राहावेंसें वाटलें, लग्नांत मानपान नको, अंगावर सोनें नको असें एखाद्या मुलीनें म्हटलें, तर बाकीच्यांनीं ‘लोक काय म्हणतील’ या धाकानें तिचा मार्ग अडवूं नये. कारण लौकिकही एक भोगच आहे, आणि तो तर बहुतेक वेळां दुसऱ्याच्या खर्चानेंच भोगला जातो.

येशूच्या चरित्रांत एक लहानसा प्रसंग आहे. देवळाच्या दानपेटींत श्रीमंत लोक मोठ्या रकमा टाकीत होते. एक गरीब विधवा आली आणि तिनें दोन क्षुल्लक नाणीं टाकलीं. येशू म्हणाला कीं सर्वांत अधिक दान हिचें, कारण इतरांनीं उरलेल्यांतून दिलें आणि हिनें होतें नव्हतें तेवढें दिलें. या प्रसंगावर प्रवचनें पुष्कळ होतात, आणि तीं बहुधा दान किती मोठें यावर थांबतात. टिळक पति-पत्नींचें चरित्र वाचल्यानंतर आमचें लक्ष दुसऱ्या एका गोष्टीकडे गेलें. तीं दोन नाणीं त्या विधवेचीं स्वतःचीं होतीं.